कशावरून, हे आधी विचार

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्या परीक्षकांचा राग आला, आणि रागाच्या भरात लिहिलेले पत्र मी टपालात टाकत नाही. प्रश्नमंजूषेत ‘उत्तर ध्रुवावर प्रथम कोण पोहोचले’ या प्रश्नाला तू ‘रॉबर्ट पीरी यांनी १९०९ साली तसा दावा केला, परंतु तो सिद्ध झालेला नाही’ असे उत्तर दिलेस आणि ते चूक ठरले, कारण चिठ्ठीवर नुसते ‘पीरी’ एवढेच लिहिलेले होते. पुढच्या फेरीत ‘तारे कशामुळे प्रकाशतात’ याला तू ‘हायड्रोजनचे हेलियम होते म्हणून’ असे सांगून पूर्ण गुण मिळवलेस, आणि त्या वाक्यातले आपल्याला काहीही उमगलेले नव्हते, ते केवळ पाठ होते, हेही तूच लिहितेस. समजून दिलेल्या उत्तराला शून्य आणि न समजता दिलेल्या उत्तराला पैकीच्या पैकी, तर यापुढे चिठ्ठीवर काय असेल ते ओळखून तेच सांगावे का, असे तू विचारतेस.

गेलेल्या गुणांबद्दल मी तुझे सांत्वन करणार नाही. मला काळजी लागली आहे ती मिळालेल्या गुणांची. पीरींच्या बाबतीत तू ‘कशावरून?’ असे स्वतःला विचारले होतेस. ताऱ्यांच्या बाबतीत विचारले नाहीस. तुझी तक्रार परीक्षकांविरुद्ध आहे, माझी थोडी तुझ्याविरुद्धही आहे.

म्हणून आधी तारे. सूर्य जळतो असे आपण सहज म्हणतो, आणि जळतो तर त्याला प्राणवायू कोण पुरवते, असा प्रश्न तुला सातवीत पडला होता व कोणी उत्तर दिले नाही, असे तू लिहितेस. तो प्रश्न उत्तम होता. सूर्याच्या वस्तुमानाएवढा दगडी कोळसा घेतला, त्याला लागेल तेवढा प्राणवायू फुकट मिळतो असे धरले आणि आज सूर्य देतो तितकीच उष्णता त्याच्याकडून घेत राहिलो, तर सारा साठा पाचेक हजार वर्षांत संपतो. एकोणिसाव्या शतकातल्या पदार्थवैज्ञानिकांना हे कळत होते. म्हणून हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन यांनी मांडले की सूर्य स्वतःच्या भाराने हळूहळू आकसत असेल आणि त्या आकसण्यातून उष्णता निघत असेल. तो हिशेब काही कोटी वर्षांपर्यंत पोहोचतो, पण खडकांचे थर वाचणाऱ्यांना आणि डार्विन यांना पृथ्वीचे वय त्याहून कितीतरी अधिक हवे होते. केल्व्हिन यांचे गणित बिनचूक होते, गृहीतक अपुरे होते. मात्र १८६२ साली त्यांनी स्वतःच्याच लेखात एक अट घालून ठेवली होती, की आज आपल्याला अज्ञात असलेला उष्णतेचा एखादा स्रोत निघाला तर ही गोष्ट वेगळी. ती अट त्यांच्या अनुयायांनी वाचली नाही, आणि उतारवयात ते स्वतःही तिला विसरल्यासारखे बोलत राहिले.

आता हेलियम, आणि इथे मला माझे स्वतःचे सांगणे भाग आहे. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून दाखवतात ती जागा तुला ठाऊक असेल. शिक्षक असताना मी दर वर्षी मुलांची सहल तिथे नेत असे आणि त्या कट्ट्यांवर उभे राहून सांगत असे की १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच खग्रास सूर्यग्रहण पाहिले व हेलियमचा शोध लावला. ते सांगताना माझा ऊर भरून येत असे. एका वर्षी एका मुलाने विचारले, “सर, ऑगस्टात इथे एवढा पाऊस असतो, मग सूर्य दिसला कसा?” सगळी मुले हसली. मी त्याला म्हणालो की शास्त्रज्ञांना काळजी असते, तुला नको, आणि रांगेत उभे राहायला सांगितले.

त्या मुलाने पुन्हा कधी मला प्रश्न विचारला नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी शोधत बसलो. १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर भारतात आलेच नव्हते. फ्रान्सचे जान्सेन तेव्हा आंध्रातील गुंटूर येथे होते आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगपट्ट्यात, त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. लॉकियर यांनी त्याच ज्वाळा ग्रहण नसताना, २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये बसून पाहिल्या. त्यात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, ही मात्र ५८७.६ वर होती. इतर निरीक्षक तिला सोडियमचीच समजले; लॉकियर यांनी तिची जागा मोजली आणि ती जुळत नाही असे लिहून ठेवले. ती रेषा हेलियमची होती; पृथ्वीवर तो वायू हाती लागायला १८९५ साल उजाडले, रॅम्झी यांना तो युरेनियमच्या एका खनिजात सापडला. म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षे हेलियमचा सगळा आधार त्या दीड-दोन नॅनोमीटरच्या फरकावर होता.

आणि विजयदुर्ग? तिथे लॉकियर खरोखर आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, कोकणचे आकाश निरभ्र असते त्या दिवसांत. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊर येथे दुर्बिणी घेऊन गेले होते. दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली आणि माझ्यासारख्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिली. त्या मुलाला पावसाबद्दल पडलेला प्रश्न मी त्याच दिवशी उचलून धरला असता, तर आम्हा दोघांना हे तेव्हाच सापडले असते.

पुढे एका कार्यक्रमात मला हेलियमवर बोलायला बोलावले होते. मी दोन्ही ग्रहणे वेगळी करून सांगितली. संयोजकांना ते रुचले नाही. गावचा मान घालवलात, असे मला तोंडावर ऐकवले गेले आणि नंतर बोलावणे बंद झाले. घरचेही म्हणाले की एवढा ताठरपणा कशाला, दोन मिनिटांचा तर प्रश्न होता. मी आजही म्हणतो की मी योग्य केले. १८९८ च्या मोहिमेचा मान खरा आहे, तो सांगावा, त्याची पाटी लावावी. खरा मान हातात असताना उसना कशासाठी मिरवायचा? माझ्या बोलण्यात कठोरपणा होता, हे मला मान्य आहे, पण इतकी वर्षे मुलांना चुकीचे सांगितलेल्या माणसाला मवाळ बोलण्याची मुभा उरलेली नव्हती.

तुझ्या पाठ केलेल्या वाक्याकडे परत येतो. हायड्रोजनचे हेलियम होते, हे कशावरून? केंब्रिजमध्ये ॲस्टन यांनी अणूंची वस्तुमाने मोजली तेव्हा असे दिसले की हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हेलियमचा एक अणू साधारण ०.७ टक्क्याने हलका भरतो. १९२० मध्ये एडिंग्टन यांनी कार्डिफच्या सभेत सुचवले की हा हरवलेला भागच ऊर्जा होऊन ताऱ्यांतून बाहेर पडत असावा. आजच्या आकड्यांत सांगायचे तर सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातले ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने निघून जाते. हे ऐकून सूर्याचा गाभा म्हणजे प्रचंड स्फोट असे चित्र उभे राहते, तेही तपासून पाहा: गाभ्याच्या अगदी मध्यभागीसुद्धा एका घनमीटरमागे तीनशे वॅटच्या आतच ऊर्जा निघते. तेवढ्याच घनफळाच्या हिशेबाने तुझे स्वतःचे शरीर त्याहून कितीतरी जास्त उष्णता देते. सूर्य प्रखर आहे तो आकाराने अवाढव्य आहे म्हणून, आणि ही आच इतकी मंद आहे म्हणूनच तो अब्जावधी वर्षे टिकतो.

पण सूर्यात एवढा हायड्रोजन आहे, हे तरी कशावरून? एडिंग्टन बोलले तेव्हा बहुतेकांची समजूत अशी होती की सूर्याची घडण पृथ्वीसारखीच असणार, लोखंड वगैरे भरपूर. त्याच वर्षी कलकत्त्याच्या मेघनाद साहा यांनी तापमानानुसार अणूंचे इलेक्ट्रॉन कसे सुटतात याचे समीकरण मांडले, आणि त्यामुळे वर्णपटातील रेषा किती ठळक आहे यावरून द्रव्य किती आहे हे काढता येऊ लागले. १९२५ मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत सेसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीने हे समीकरण ताऱ्यांना लावले आणि तिला दिसले की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचेच आहेत. तिचा मसुदा गेला तो हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या सर्वांत मोठ्या अधिकारी माणसाकडे. त्यांनी कळवले की हे अशक्य आहे. मग तिने आपल्याच प्रबंधात आपल्याच निष्कर्षापुढे, हे प्रमाण जवळजवळ निश्चितपणे खरे नसावे, असे लिहून टाकले. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या वाटेने त्याच उत्तराला पोहोचले.

मी हा प्रसंग जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला वाईट वाटते, आणि प्रत्येक वेळी मी एका गोष्टीने सावरतो: तिने आकडे खोडले नाहीत. शेरा दुसऱ्याच्या मनासारखा लिहिला, पण तक्त्यातले आकडे मोजले तसेच ठेवले. म्हणून आज आपण तो प्रबंध उघडून म्हणू शकतो की हे तिने पाहिले होते.

माझे तसे झाले नाही. महाविद्यालयात लोलकाच्या प्रयोगात मला गुरुत्व त्वरण ९.३ च्या आसपास येत होते. पुस्तकात ९.८ होते. मी दोरीची लांबी वहीत वाढवून लिहिली आणि ९.७८ आणून सही घेतली. कित्येक वर्षांनी, स्वतः शिकवताना, माझ्या लक्षात आले की मी लांबी गोळ्याच्या वरच्या कडीपर्यंत मोजत होतो, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही, आणि लांबीत राहिलेल्या त्या अडीच सेंटिमीटरांत सगळी चूक सामावत होती. तो चुकीचा आकडा मला काहीतरी शिकवायला आला होता आणि मी त्याला दारातूनच परत पाठवले. तू चिठ्ठीवरचे उत्तर ओळखून देण्याची भाषा करतेस तेव्हा मला ती वही आठवते.

याच्या उलट माणूस पाहायचा असेल तर रेमंड डेव्हिस पाहा. सूर्याच्या गाभ्यात खरोखर हायड्रोजन एकवटत असेल तर तिथून न्यूट्रिनो नावाचे कण निघायला हवेत, आणि ते मोजण्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या होमस्टेक या सोन्याच्या खाणीत, जवळजवळ दीड किलोमीटर खोल, कपडे धुण्याच्या रसायनाने भरलेली ६०० टनांहून मोठी टाकी बसवली. त्या टाकीत न्यूट्रिनोंमुळे बनलेले अरगॉनचे मोजके अणू ते काही आठवड्यांनी गोळा करत. अपेक्षेच्या फक्त एक तृतीयांश सापडत. सिद्धांत मांडणारे म्हणाले की तुमच्या प्रयोगात खोट असेल. डेव्हिस यांनी टाकीत मोजून अरगॉन घातला आणि तो परत काढून दाखवला. पुन्हा मोजले, तरी एक तृतीयांशच. हे त्यांनी जवळजवळ तीस वर्षे केले. शेवटी कॅनडातल्या सडबरी येथील प्रयोगाने २००१ आणि २००२ मध्ये दाखवले की न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात आणि डेव्हिस यांच्या टाकीला त्यांतले एकच रूप दिसत होते. सूर्याचे गणितही बरोबर होते, टाकीही बरोबर होती, आणि निसर्गाबद्दल एक नवी गोष्ट त्या न जुळणाऱ्या आकड्यात दडलेली होती. डेव्हिस यांना नोबेल मिळाले तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. मधली वर्षे कशी काढली असतील याचा विचार कर, आणि मग तुझ्या त्या एका शून्याकडे पाहा.

आता ध्रुव. तू हा विषय ताऱ्यांपासून वेगळा धरलास, मला तो वेगळा वाटत नाही. ध्रुवावर पाटी नसते, आणि उत्तर ध्रुवावर तर जमीनही नाही, वाहत जाणारा बर्फ आहे. आपण पोहोचलो हे माणसाला कळते ते सूर्यामुळे. इतरत्र सूर्य उगवतो, चढतो, उतरतो. ध्रुवावर तो दिवसभर जवळजवळ एकाच उंचीवर क्षितिजाभोवती फिरतो. डिसेंबर १९११ मध्ये नॉर्वेचे आमुंडसेन दक्षिण ध्रुवाजवळ पोहोचले तेव्हा तो सुमारे २३ अंशांवर होता. त्यांनी काय केले ते बघ. पोहोचल्यावर झेंडा लावून परत फिरले नाहीत. तीन माणसांना तीन दिशांना कित्येक किलोमीटर पाठवून खुणा रोवल्या, म्हणजे मोजण्यात थोडी चूक असली तरी ध्रुव त्या घेऱ्यातच यावा. मग तळ हलवला आणि पाऱ्याच्या थाळीत सूर्याचे प्रतिबिंब पाडून, सेक्स्टंट या कोन मोजणाऱ्या उपकरणाने, दर तासाला, चोवीस तास, आळीपाळीने सूर्याची उंची मोजली. एका महिन्याने त्यांचे इंग्रज प्रतिस्पर्धी स्कॉट आले, त्यांनी स्वतंत्रपणे मोजले, आणि त्यांना आमुंडसेन यांचा तंबू सापडला. प्रतिस्पर्ध्याच्या मोजमापाने सिद्ध झालेला विजय तो. यात ‘कशावरून’ला जागाच ठेवलेली नाही.

पीरींकडे हे नाही. १ एप्रिल १९०९ रोजी, ८८ अंशांच्या थोडे अलीकडे, त्यांनी आपल्या जहाजाचे कप्तान बार्टलेट यांना परत पाठवले, आणि स्वतंत्रपणे स्थान काढू शकणारा तो शेवटचा माणूस होता. पुढे बरोबर राहिले ते मॅथ्यू हेन्सन आणि चार इनुइट सोबती, ज्यांच्या बळावर ती सगळी मोहीम चालली होती, पण ज्यांना ही उपकरणे चालवायला शिकवलेले नव्हते. बार्टलेट वळल्यावर रोजचा पल्ला एकाएकी फार वाढला, वाटेत रेखांश मोजलेले नाहीत, आणि वहीत ६ एप्रिलची ती प्रसिद्ध नोंद पानावर नाही, सुट्या कागदावर आहे. फ्रेडरिक कुक या दुसऱ्या अमेरिकी शोधकाने पीरींच्या एक वर्ष आधीच ध्रुवावर पोहोचल्याचा दावा केला होता, पण कुक यांची कागदपत्रे कोपनहेगन विद्यापीठाने तपासली आणि त्यात पुरावा नाही असे डिसेंबर १९०९ मध्ये जाहीर केले. मी असे म्हणत नाही की पीरी पोहोचले नाहीत. ते पोहोचले हे दाखवता येत नाही, एवढेच म्हणतो, आणि तूही तेवढेच म्हणाली होतीस. तुझे वाक्य अचूक होते, त्यातला शब्द न् शब्द.

त्या मानाने नॉर्वेचे ध्रुवप्रवासी नान्सेन यांची एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. १८९५ च्या एप्रिलमध्ये ते आणि योहान्सेन ८६ अंश १४ कलांपर्यंत गेले, तोपर्यंत इतक्या उत्तरेला कोणीच गेलेले नव्हते. परतताना एका दिवशी दोघेही इतके थकले की घड्याळांना किल्ली द्यायची राहिली आणि दोन्ही घड्याळे बंद पडली. घड्याळ चार मिनिटांनी चुकले की रेखांश एका अंशाने चुकतो, म्हणजे त्या क्षणापासून आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे त्यांना ठाऊक राहिले नाही. ही लाजेची गोष्ट त्यांनी लपवली नाही. लिहिली, अंदाजाने घड्याळे पुन्हा लावली तेही लिहिले, आणि पुढचे महिने त्या अनिश्चिततेसह काढले. त्याच सफरीत त्यांनी नोंदवले होते की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न वाहता थोडा उजवीकडे वळतो. तेव्हा ती क्षुल्लक नोंद वाटली असेल. तिच्यावरून एकमान यांनी समुद्रप्रवाहांचे गणित उभे केले. ज्याने घड्याळ बंद पडल्याचे लिहिले, त्याच्या बर्फाच्या नोंदीवर लोकांनी विश्वास ठेवला. मला या दोन गोष्टी एकच वाटतात.

आणि स्कॉट यांच्या तंबूतले दगड. शर्यत हरलेली, अन्न संपत आलेले, तरी त्यांनी सोळा किलोच्या आसपास खडकांचे नमुने शेवटपर्यंत ओढले. ती मंडळी परतीच्या वाटेवरच दगावली; मृतदेहांजवळ ते दगड सापडले तेव्हा त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. तेच ठसे आपल्या नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत मिळतात. अंटार्क्टिका आणि भारत कधीकाळी एका भूखंडाचे भाग होते, हे कशावरून, असे कोणी विचारले तर त्या दगडांकडे बोट दाखवता येते. जीवाच्या हिशेबाने ते ओझे टाकून द्यायला हवे होते, असे पुष्कळजण म्हणतात. मी त्या वादात पडत नाही, पण मला त्यांचे ते ओढणे समजते.

तुला आणखी समजावण्यापेक्षा एक काम देतो. पुढच्या महिन्यात २३ सप्टेंबरच्या आसपासचे पाच दिवस तुझ्या गच्चीवर एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी कर. घड्याळातल्या बारावर विसंबू नकोस. साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण कर आणि सर्वांत आखूड सावली कोणत्या वेळेची ते बघ. तीच लांबी घेऊन तुझ्या गावाचा अक्षांश काढ, आमुंडसेन यांनी सूर्यावरून स्थान काढले ती हीच रीत आहे. सावली किती यायला हवी हे मला ठाऊक आहे, पण मी ते सांगणार नाही, आणि तूही आधी कुठे बघू नकोस. ढग आले तर त्या वेळेसमोर ‘ढग’ असे लिही. काठी वाऱ्याने हलली तर तेही लिही. आकडे जसे येतील तसे, खाडाखोडीसह, त्याच वहीत राहू देत. ऑक्टोबरात वही माझ्याकडे पाठव.

तुझा,
जुना शिक्षक